भिडू नसलेला डाव

आपल्या मराठी घरांत पत्त्यांना कधी धड मान मिळाला नाही. मे महिन्याच्या सुट्टीत, मोठी माणसं दुपारची लवंडलेली असताना, पोरांनी माजघरात फतकल मारून खेळायचा हा खेळ. गणपतीच्या जागरणाला चालतो, लांबच्या रेल्वे प्रवासात चालतो. एरवी दिवेलागणीनंतर हातात कॅट दिसला, की आजीचा आवाज चढलाच म्हणून समजा.

त्यामुळे बंगळूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, तुझ्या भाच्याला पत्त्यांचं वेड लागलंय, तू येऊन जरा समजाव त्याला," तेव्हा मला आधी हसू आलं. मग मेव्हण्यांनी फोन घेतला. त्यांच्या आवाजात हसण्यासारखं काही नव्हतं. "वाढदिवसाचे, दिवाळीचे, आजीने हातावर ठेवलेले, सगळे पैसे पत्त्यांत गेले. पुढल्या वर्षी सीईटी आहे. शनिवारी हरून आला, की दोन दिवस कुणाशी बोलत नाही. हा जुगारच झाला की नाही, तुम्हीच सांगा!"

मी बंगळूरला गेलो तो पत्ते बंद करण्याच्या तयारीने. परत आलो तो काही वेगळंच शिकून. म्हणून या वेळचं हे पान त्यालाच.

शंभर पत्ते, चाळीस प्राण

जयनगरच्या घरी पोचलो, चहा झाला आणि भाच्याने पलंगावर आपली दौलत मांडली. वय वर्षे सोळा, पीयूसीचं पहिलं वर्ष, म्हणजे आपली अकरावी. प्रत्येक पत्ता प्लॅस्टिकच्या पातळ पाकिटात जपून ठेवलेला. पत्त्यांवर राजा-राणी-गुलाम नाहीत. राक्षस, जादूगार, देवदूत, पंखवाले अजगर. खाली बारीक अक्षरांत त्या पत्त्याचे कायदे.

खेळाचं नाव 'मॅजिक: द गॅदरिंग'. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने तो रचला आणि १९९३ साली तो बाजारात आला. त्याची कल्पना साधी पण तोवर कुणाला न सुचलेली होती. आपल्या बावन्न पत्त्यांच्या खेळात कॅट एकच, तो सगळ्यांत वाटायचा. इथे प्रत्येकाने आपापला कॅट घरून रचून आणायचा. बाजारात हजारो वेगवेगळे पत्ते आहेत. ते पाकिटांतून विकत घ्यायचे, मित्रांशी अदलाबदल करायची आणि त्यातून आपली फौज उभी करायची. म्हणजे निम्मा डाव टेबलाशी बसण्याआधीच खेळून झालेला असतो. याच वाटेने पुढे १९९६ साली जपानात पोकेमॉनचे पत्ते आले, १९९९ साली यु-गी-ओ आलं. नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्यांना कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डं आठवत असतील. उंची, वजन, छाती, दंड यांवर आपण मधल्या सुट्टीत पैजा लावायचो. हे त्याचंच पुष्कळ पुढे गेलेलं रूप समजा.

मूळ खेळ दोघांचा. साठ पत्त्यांचा कॅट, वीस प्राण. समोरच्याचे प्राण शून्यावर आणले की जिंकलात. पण भाचा खेळतो तो प्रकार 'कमांडर' म्हणून ओळखला जातो. त्यात साधारणपणे चौघं बसतात. प्रत्येकाचे शंभर पत्ते, जमिनीचे साधे पत्ते सोडले तर कुठलाही पत्ता दुसऱ्यांदा घ्यायचा नाही, आणि एक पत्ता सेनापती म्हणून सगळ्यांना दिसेल असा बाजूला मांडायचा. प्राण चाळीस. शेवटी ज्याचे प्राण शिल्लक, तो जिंकला. खेळणाऱ्यांनीच हौसेने हा प्रकार काढला आणि वाढवला. कंपनीने त्याचे तयार कॅट विकायला काढले ते २०११ साली.

आता यातली मेख पाहा. आपल्या मेंढीकोटमध्येही चौघंच असतात, पण समोर बसलेला आपला भिडू असतो. इथे भिडू नाही. तिघंही शत्रू, आणि तरी तिघांशी एकाच वेळी लढणं कुणालाच परवडत नाही.

तसं हे आपल्याला अगदीच परकं नाही. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा तिघांत खेळतात. गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा, एकूण एकशे वीस, तिघांना चाळीस-चाळीस. तिथेही भिडू नसतो. बंगळूरपासून तीन-चार तासांवरच्या म्हैसूरलाही गंजिफेची मोठी परंपरा. तिथले राजे मुम्मडी कृष्णराज वोडेयार यांनी एकोणिसाव्या शतकात स्वतः गंजिफेचे कितीतरी नवे डाव रचले. कॅट रचत बसण्याचा नाद राजवाड्यातही होता, हे मी मेव्हण्यांना मुद्दाम ऐकवलं. ते म्हणाले, "त्यांना सीईटी नव्हती."

सगळे मलाच का मारतात?

शनिवारी भाचा मला कोरमंगलाला घेऊन गेला. बंगळूरमध्ये अलीकडे पटावरच्या खेळांची कॅफे निघाली आहेत. कॉफी मागवायची, टेबल धरायचं आणि तासन्तास खेळायचं. टेबलावर चौघं होते. भाचा, शाळेपासूनचा त्याचा जिवलग मित्र, संगणक कंपनीत नोकरी करणारा पंचविशीतला एक तरुण आणि कॉलेजात शिकणारी एक मुलगी. कन्नड, इंग्रजी, हिंदी अशा तिन्ही भाषांत हसणंखिदळणं चाललेलं. मला एक खुर्ची मिळाली. पैशाचा मात्र कुठे मागमूस नव्हता, ही गोष्ट मी मनात टिपून ठेवली.

भाच्याची सुरुवात जबरदस्त झाली. चौथ्या-पाचव्या फेरीतच त्याच्यासमोर दोन दांडगे अजगर उभे राहिले. त्याने लगेच उजवीकडच्या मुलीवर हल्ला केला, मग डावीकडच्या तरुणावर. आणि मग काय झालं? तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलीने एक अजगर मारला, तरुणाने दुसरा, आणि मित्राने उघड्या पडलेल्या भाच्याचे प्राण काढायला सुरुवात केली. तासाभराच्या आत भाचा बाद. उरलेले तिघं आणखी तासभर खेळत राहिले आणि शेवटी ती मुलगी जिंकली. त्या बाईसाहेबांनी पहिला तासभर जवळजवळ काहीच केलं नव्हतं.

घरी येताना रिक्षात भाचा कुढत होता. "मामा, दर शनिवारी हेच. माझा कॅट सगळ्यांत भारी आहे ना, म्हणून जळतात. तिघं मिळून मलाच मारतात. आता आणखी दोन भारी पत्ते घेतले पाहिजेत."

रोग आणि औषध दोन्ही त्याने एका दमात सांगितलं होतं, फक्त उलटं. भारी कॅट हाच तर त्याचा रोग होता!

तीन मडकी आणि एक हवेतला बाण

रात्री जेवणं झाल्यावर मी त्याला एक जुनं कोडं घातलं. तुम्हीही सोडवून पाहा.

तीन नेमबाज त्रिकोणात उभे आहेत. प्रत्येकाच्या डोक्यावर मडकं. ज्याचं मडकं फुटलं तो बाद. पहिला कच्चा आहे, त्याचा तीनांतला एकच बाण लागतो. दुसऱ्याचे तीनांत दोन लागतात. तिसरा अर्जुनच, त्याचा नेम चुकतच नाही. कच्च्याने आधी मारायचं, मग मधल्याने, मग अर्जुनाने, आणि एकच मडकं उरेपर्यंत हे चालू ठेवायचं. तर कच्च्याने पहिला बाण कुणावर मारावा?

"अर्जुनावर," भाचा लगेच म्हणाला. "तोच धोक्याचा."

उत्तर असं, की कच्च्याने पहिला बाण हवेत सोडावा. का? त्याने चुकून अर्जुनाला बाद केलं, तर पुढचा बाण मधल्याचा, आणि तो सरळ कच्च्यावर येणार. पण त्याने कुणालाच धक्का लावला नाही, तर मधला अर्जुनावर मारेल, कारण त्याला खरी भीती अर्जुनाची. मधला चुकला तर अर्जुन मधल्याला उडवेल. म्हणजे दोन बलवानांतला एक जाणार आणि त्यानंतर पहिला बाण कच्च्याच्या हाती येणार. गणित मांडलं तर कच्च्याची जिंकण्याची शक्यता शंभरात जवळजवळ चाळीस येते, मधल्याची अडतीस आणि ज्याचा नेम कधी चुकत नाही त्या अर्जुनाची अवघी बावीस!

भाच्याने कागद-पेन्सिल घेऊन अर्धा तास ताळा केला. जुळला. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाला, "म्हणजे ती मुलगी तासभर हवेत बाण सोडत होती."

त्याची आजी, म्हणजे बहिणीच्या सासूबाई, मूळच्या बेळगावच्या. शेंगा निवडता निवडता सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "एवढं गणित कशाला? बदाम सात खेळताना मी नाही का छक्का दाबून ठेवत? पण दाबलाय हे तोंडावर दिसू द्यायचं नाही. दिसलं की सगळे माझ्याच मागे लागतात."

दोघांच्या आणि चौघांच्या डावातला सगळा फरक त्यांनी तीन वाक्यांत सांगून टाकला. दोघांच्या डावात तुमचं नुकसान तो माझा फायदा, हिशेब सरळ. चौघांच्या डावात तसं नाही. समजा, प्रत्येकाच्या हाती सात पत्ते आहेत. मी माझा एक पत्ता खर्चून तुमचा एक मारला. तुमचे सहा, माझे सहा. पण बाकीच्या दोघांचे सातच्या सात. भांडण तुमचं-माझं आणि बरकत शेजाऱ्यांची! म्हणून या खेळातले जुने खेळाडू काही नियम पाळतात. ते मी भाच्याच्या आणि त्याच्या मित्रांच्या तोंडून गोळा केले, ते असे.

पहिला: मारायचा पत्ता समोर दिसला म्हणून मारू नका. तो तुम्हालाच हरवणार असेल तरच मारा. सगळ्यांनाच त्रास देणारा असेल, तर दुसरा कुणीतरी मारण्याची वाट पाहा.

दुसरा: सगळ्यांत बलवान दिसू नका. बळ हातात ठेवा, पटावर मांडू नका. पण अगदीच दुबळेही दिसू नका. उघडं दार दिसलं की कुणीही डोकावतो.

तिसरा: कुणाला मारायचं याचा विचार करताना 'आत्ता कोण जड आहे' एवढंच पाहू नका. 'हा गेल्यावर कोण उरतो' हेही पाहा.

चौथा: हरत आलेल्या माणसाचा पाणउतारा करू नका. त्याला स्वतःला जिंकता येत नसलं, तरी कोण जिंकणार हे पुष्कळदा तोच ठरवतो.

पाचवा: दिलेला शब्द.

पाचव्याकडे मग येऊ. आधी तिसरा, कारण त्याचा धडा बंगळूरमध्येच दगडात कोरलेला आहे.

किल्ल्यातला धडा

रविवारी आम्ही सिटी मार्केटला गेलो. फुलांचे ढीग, हमालांची ये-जा, बसगाड्यांचे कर्णे, आणि त्या गर्दीच्या काठाला बंगळूरच्या जुन्या किल्ल्याचा उरलेला तुकडा. एक भक्कम दरवाजा, थोडी तटबंदी. मूळ मातीचा किल्ला केंपेगौडांचा, दगडी बांधकाम हैदरअलीच्या काळातलं. हे शहर काही काळ शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, हे आपल्याला ठाऊक असतं. पण मला भाच्याला दाखवायची होती ती तटावरची इंग्रजांनी बसवलेली पाटी. इथेच तट फोडून २१ मार्च १७९१च्या रात्री इंग्रजांची फौज आत शिरली.

तो डाव चौघांचा होता: म्हैसूरचा टिपू सुलतान, पुण्याचे पेशवे, हैदराबादचा निजाम आणि इंग्रजांची कंपनी. भिडू कुणीच कुणाचा नाही. त्या वेळी दक्षिणेत टिपूचे अजगर सगळ्यांना दिसत होते. पेशव्यांशी त्याची लढाई होऊन फार वर्षं झाली नव्हती, निजामाशी वैर होतंच, आणि १७८९च्या अखेरीस त्याने इंग्रजांचा दोस्त असलेल्या त्रावणकोरवर चाल केली. लगेच १७९० साली उरलेले तिघं एक झाले. भाच्याचा शनिवारचा डाव!

१७९१च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणपर्यंत पोचला, पण रसद संपली. जड तोफा स्वतःच निकामी करून त्याला मागे फिरावं लागलं. त्याची उपाशी फौज परतत असताना वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचं मराठी सैन्य येऊन मिळालं, आणि मराठ्यांच्या भरल्या बाजाराने इंग्रजांच्या पोटाची सोय झाली. पुढल्या वर्षी, १७९२ साली, तह झाला. टिपूचं निम्मं राज्य गेलं, तीन कोटी तीस लाख रुपये दंड बसला, दोन मुलगे ओलीस द्यावे लागले. पण निम्मं राज्य त्याच्याकडे राहिलं. पटावर अजून चौघं होते.

१७९९ साली टिपू श्रीरंगपट्टणला लढता लढता मारला गेला. पेशव्यांची फौज या वेळी त्या लढाईत उतरली नव्हती. निजामाने त्याआधीच, १७९८ साली, इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली होती. म्हणजे तोही खेळाडू म्हणून संपल्यातच जमा. मार्च १८००मध्ये नाना फडणवीस गेले. आता पटावर उरले कोण? मराठे आणि इंग्रज. मग फार वेळ लागला नाही. १८०२ अखेर वसईचा तह झाला. श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात असलेला आर्थर वेलस्ली १८०३च्या सप्टेंबरात असईच्या मैदानात शिंदे-भोसल्यांसमोर उभा होता. १८१८ साली पेशवाई बुडाली.

इतिहास एवढा सोपा नसतो, हे मला माहीत आहे. टिपू आणि मराठे यांच्यात खरंखुरं रक्त सांडलेलं होतं, आणि पुण्याच्या दरबारातली आपापसातली भांडणं हे आपल्या नाशाचं मोठं कारण होतंच. पण टेबलाशी बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाने एवढा प्रश्न जरूर लक्षात ठेवावा: समोरचा गेला, की माझ्याकडे कोण वळणार आहे?

भाचा त्या पाटीकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मामा, आपण चौथ्या खेळाडूला जेवू घातलं."

जिंकलेला शनिवार

पुढच्या शनिवारी तो वेगळाच खेळला. दोन महागडे पत्ते त्याने कॅटमधून काढून ठेवले होते. सुरुवातीला गप्प. कुणी त्याच्यावर वळत नव्हतं. मुलगी आणि तो तरुण एकमेकांत गुंतले आणि दोघंही खिळखिळे झाले. दीड तासाने भाचा आणि त्याचा मित्र यांचं पारडं जड होतं. तेव्हा भाचा मित्राला म्हणाला, "या फेरीत तू माझ्यावर येऊ नकोस, पुढच्या फेरीत मी तुझ्यावर येणार नाही. आधी त्या दोघांचं बघू." मित्राने मान डोलावली. आपली सगळी फौज त्या दोघांवर घातली, दोघांना बाद केलं; आणि स्वतः उघडा पडला.

भाच्याची पाळी आली. त्याने पट पाहिला, हातातले पत्ते पाहिले आणि मित्रावर सगळं सोडून दिलं. डाव संपला.

नियमात यात काही चूक नाही. असा तोंडी करार या खेळात कुणावर बंधनकारक नसतो. भाच्याने दोन्ही हात वर केले. टेबलावर मात्र टाळी वाजली नाही. मित्र आपले पत्ते शांतपणे गोळा करून पाकिटात भरत राहिला. "छान खेळलास," एवढंच म्हणाला. बसपर्यंत दोघं नेहमी बरोबर चालत जायचे. त्या दिवशी तो पुढे निघून गेला.

रविवार गेला, सोमवार गेला. भाच्याच्या फोनला त्याचं उत्तर नाही. कॉलेजात बाक बदललेला. आता भाचा जिंकूनसुद्धा कुणाशी बोलत नव्हता. मेव्हणे म्हणाले, "बघा, मी सांगत होतो ना?" मी म्हटलं, "थांबा जरा. हा पत्त्यांचा दोष नाही."

रॉबर्ट ॲक्सेलरॉड या अमेरिकन प्राध्यापकाने १९८०च्या सुमारास संगणकांची एक स्पर्धा भरवली होती. दोघांनी समोरासमोर यायचं. दर वेळी प्रत्येकाने ठरवायचं, सहकार्य करायचं की दगा द्यायचा. एकच डाव असेल तर दग्यात फायदा. पण त्याच दोघांना पुन्हापुन्हा भेटायचं असेल तर? जगभरच्या विद्वानांनी गुंतागुंतीच्या युक्त्या पाठवल्या. जिंकली ती ॲनाटोल रॅपोपोर्ट यांची सगळ्यांत छोटी युक्ती: पहिल्यांदा सहकार्य करा, पुढे समोरच्याने मागच्या वेळी जे केलं तेच करा. आपण होऊन दगा नाही, दग्याला उत्तर दिल्याशिवाय राहणं नाही, आणि तो सुधारला की मनात डूख नाही.

शनिवारचं टेबल म्हणजे एक डाव नव्हे. तेच चौघं पुढच्या शनिवारी असतात. म्हणून शब्द मोडून जिंकलेला डाव हा उधारीवर घेतलेला डाव. त्याचं व्याज पुढले दहा शनिवार द्यावं लागतं.

हे मी भाच्याला सांगायला गेलो, तर आजींनी मला हाताने थांबवलं. त्या नातवाला म्हणाल्या, "तुझ्या आजोबांचं बेळगावात किराणा दुकान होतं. वजनात एकदा मारलं तर गिऱ्हाईक भांडत नाही रे. ते नुसतं समोरच्या दुकानात जातं. जा, त्याच्या घरी जाऊन ये."

तो गेला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. रात्री आला आणि एवढंच म्हणाला, "तो खेळणार आहे. पण पहिल्या तीन शनिवारी मी जे बोलेन त्यावर विश्वास ठेवणार नाही, असं म्हणाला." मी म्हटलं, "बरोबर आहे त्याचं." तो म्हणाला, "हो. बरोबरच आहे."

आईबापांसाठी चार गोष्टी

आता मेव्हण्यांचा प्रश्न राहिला. हा जुगार की नाही?

सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातल्या एका खटल्यात १९६७ साली रमीबद्दल म्हटलं होतं, की तो मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कुठला धरायचा, कुठला टाकायचा ते ठरवावं लागतं. पण जिथे पैसा लागतो तिथे कौशल्याचा खेळही माणसाला खाऊ शकतो. मोबाईलवर पैसे लावून खेळण्यावरून कर्नाटकात २०२१ साली कायदा झाला, तो २०२२ साली उच्च न्यायालयाने रद्द ठरवला, आणि अखेर २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेनेच पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. भाच्याच्या टेबलावर पैसा नव्हता. मग धोका कुठे? धोका पाकिटात होता.

बंद पाकिटात चौदा-पंधरा पत्ते असतात आणि आत काय निघेल ते फोडेपर्यंत कळत नाही. 'या वेळी तरी भारी पत्ता निघेल' ही जी हुरहूर आहे, ती लॉटरीचीच बहीण. भाच्याचे सगळे पैसे तिथे गेले होते. त्याला मी, बहिणीने आणि मेव्हण्यांनी मिळून बसवलं आणि चार गोष्टी ठरल्या. तुमच्याही घरात असं काही चालू असेल तर उपयोगी पडतील.

बंद पाकिटं नाहीत. तयार कॅट घ्यावा किंवा नेमका हवा तो एकेक पत्ता किंमत पाहून घ्यावा. महिन्याची रक्कम आधी ठरवावी आणि हिशेब मुलानेच लिहावा. घरगुती डावात महागड्या पत्त्याऐवजी त्याचं नाव लिहिलेला कागद चालतो का, हे मित्रांत मोकळेपणाने ठरवावं. पुष्कळ ठिकाणी चालतो. आणि अदलाबदल करताना समोरचा लहान असेल तर त्याला पत्त्याची खरी किंमत आधी सांगावी. शेवटची अट आजींची.

आणि अभ्यास? शनिवारची दुपार राहिली, बाकी दिवस पत्ते आजींच्या कपाटात. शंभरात सदतीस जमिनीचे पत्ते ठेवले तर पहिल्या सात पत्त्यांत तीन तरी येण्याची शक्यता किती, हे गणित तो स्वतःहून करत होता. सीईटीच्या पुस्तकात तोच धडा आहे हे मी दाखवल्यावर मेव्हण्यांचा चेहरा जरा सैलावला.

परत आल्यावर तीन आठवड्यांनी भाच्याचा फोन आला. "मामा, आज तिसरा शनिवार होता."

"जिंकलास?"

"नाही. त्याने पहिल्यांदा मलाच मारलं. बाद झालो आणि तासभर नुसता बसून त्यांचा डाव बघितला." जरा थांबून म्हणाला, "पण येताना बसपर्यंत बरोबर आला."